पिठावरची पावलं

"चालत आली तर घेतो म्हणाले," अण्णा म्हणाले आणि चपला काढून त्यांनी भिंतीकडे सरकवल्या.

आई भाकरी थापत होती. तिचे हात परातीतच थांबले.

"कोण म्हणालं?"

"गुरुजी. दुसरं कोण?"

"असं कसं म्हणतील?"

"वर्ग माडीवर हाय. हिला चढवायची कुणी, उतरवायची कुणी? पोरं ढकलाढकली करत्यात. सोताच्या पायानं आली तर जूनमधी नाव घालतो म्हणाले. त्यांचंबी बरोबरच हाय की."

मी चुलीपाशी बसून शेंगा फोडत होते. शिमगा नुकताच झाला होता, मला सातवं लागलं होतं. गल्लीतली माझ्या बरोबरीची पोरं गेल्या वर्षापासूनच पाटी घेऊन जात होती. संध्याकाळी ती आमच्या पायरीवर बसून मोठ्यानं बाराखडी म्हणायची, आणि मी ती ऐकून पाठ केली होती. म्हणता यायची, पण बघून ओळखता यायची नाही.

"म्हंजे मी चालले की शाळा?" मी विचारलं.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही. "व्हय. चाललीस की शाळा."

"चालंल की," कोपऱ्यातून आज्जी म्हणाली. ती वाती वळत होती. "न चालायला काय झालं तिला? आपल्या घरात कोण लंगडं जन्मलंय काय आजवर?"

माझ्या जन्माच्या वेळी पाठीवर, कमरेच्या जरा वर, लिंबाएवढी गाठ होती. मऊ, पाण्यानं भरल्यासारखी. सुइणीनं बघितलं आणि आईला दाखवायच्या आधी आज्जीला बाहेर नेऊन दाखवली. मिरजेच्या दवाखान्यात ती गाठ काढली. मी जगले. पण पाठीच्या कण्यात जिथं फट राहिली होती, तिथून खाली निरोप नीट पोचायचा नाही. मांड्या हलायच्या, गुडघे ताठ करता यायचे, पण गुडघ्याच्या आसपास लागलेलं कळायचं नाही. त्याखाली पिंढऱ्या आणि पावलं जणू दुसऱ्या कुणाची. मुंगळा चावला तरी मला दिसल्यावरच कळायचं.

आम्ही इचलकरंजीत कोष्ट्यांच्या गल्लीत राहायचो. अण्णा दुसऱ्याच्या कारखान्यात माग चालवायचे, आई त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. आणि आमच्या घरात एक रीत होती. मूल पालथं पडलं की घाऱ्या करायच्या, बसायला लागलं की मुटके, रांगायला लागलं की लाडू. आणि पाऊल टाकलं की कानवले. त्या कानवल्यांना पावलंच म्हणायचे. उंबऱ्याच्या आत गव्हाचं पीठ पसरायचं, मुलानं अनवाणी त्यावरून घरात यायचं, आणि पिठात उमटलेली पावलं गल्लीतल्या बायकांनी बघून जायची. मग कानवले वाटायचे.

शेजारच्या बायजाक्काचा नातू माझ्याच महिन्यातला. त्याच्या घाऱ्या आल्या, मुटके आले, लाडू आले, पावलं आली. आई प्रत्येक वेळी ताट घ्यायची आणि रिकामं पाठवायचं नाही म्हणून त्यात मूठभर साखर घालून परत द्यायची. माझ्या घाऱ्या झाल्या, पण उशिरा. मुटके त्याहून उशिरा. आणि लाडवांवरून आज्जी न् आईचं भांडण झालं, ते आई पुढं हसत सांगायची. मी रांगलेच नाही. दोन्ही हात पुढं टेकायचे, अंग उचलायचं आणि बुडावर पुढं सरकायचं, असं मी घरभर फिरायचे.

"लाडू करूया का, आत्याबाई?" आईनं विचारलं होतं.

"कशाचे? हे काय रांगणं हाय?"

"पुढं सरकतीया न्हवं?"

"बेडूकबी सरकतंय. बेडकाचे लाडू करत्यात का?"

लाडू राहिले ते राहिलेच.

मी तीन-चार वर्षांची असताना कांडीवरच्या एका बाईनं आईला सांगितलं की मिरजेच्या दवाखान्यात व्यायामाच्या एक बाई आहेत, असल्या पोरांना उभं करतात. त्या मार्थाबाई. उंच, पांढरी साडी, हाताची बोटं सुताराच्या बोटांसारखी जाड. पहिल्या दिवशी त्यांनी माझे पाय वरपासून खालपर्यंत पिसानं आणि टाचणीनं तपासले आणि मला डोळे मिटून सांगायला लावलं, कुठं लागतंय. मग आईला म्हणाल्या, "गुडघा हिच्या ताब्यात आहे. ज्याचा गुडघा ताब्यात, तो चालू शकतो. उशीर होईल, पट्ट्यांनी चालेल, पण चालेल."

"पट्ट्याबिगर?"

"पट्ट्यांशिवाय नाही. चष्म्याशिवाय दिसत नाही ना काहींना? तसं."

महिन्यातून एकदा आई मला मिरजेला न्यायची. आधी एका लाकडी चौकटीत मला कमरेला आणि गुडघ्याला पट्टे बांधून उभं करायचे. पहिल्यांदा उभी केली तेव्हा मी रडले. दुखलं म्हणून नाही, जमीन एवढी लांब कधी बघितली नव्हती म्हणून. मग दोन दांड्यांच्या मधून चालणं. मग लोखंडी सळ्या, चामड्याचे पट्टे आणि त्याला जोडलेले काळे बूट. शेवटी चार पायांचा एक लोखंडी घोडा, तो पुढं ढकलायचा आणि मागून आपण जायचं.

मार्थाबाई दर वेळी आईला तेच सांगायच्या. "रात्री निजताना पावलं बघायची. लाल झालंय का, सोललंय का. तिला कळत नाही, तुम्ही बघायचं. आणि बूट-पट्टे घातल्याशिवाय हिला उभी करायची नाही. या हाडांवर कधी भार पडलेला नाही, ती वाळक्या काडीसारखी आहेत. मोडलं तर ही रडणारसुद्धा नाही. समजलं?"

"समजलं, बाई."

अण्णांनी शाळेची बातमी आणली त्या दिवसापासून घरात दुसरं बोलणंच नव्हतं. आई कांडीवरून आली की चूल पेटवायच्या आधी माझे पट्टे आवळायची. आमच्या दारापासून नळापर्यंत, नळापासून मारुतीच्या कट्ट्यापर्यंत. घोडा पुढं, मग डावा पाय, मग उजवा. पायातली सळी गुडघ्यापाशी खटका पडून ताठ व्हायची, त्यामुळं मी चालले की खटक, खटक असा आवाज यायचा.

बायजाक्का दारात तांदूळ निवडत बसलेली असायची. "शेवंते, पोरगी चालवतीयास का माग चालवतीयास? खटक-खटक ऐकून मला वाटलं मालकानं तुमच्या घरातच शेड टाकली."

"माग चालला की पोट भरतं, बायजाक्का," आई म्हणायची. "चालू दे की."

"आमी कुठं न्हाई म्हणतोय? पर आमच्या नातवाची पावलं खाल्लीस, तुज्या लेकीची कधी खायची आमी? का आता लोखंडाचीच पावलं वाटणार?"

आई हसून पुढं जायची. आज्जीला मात्र ते लागायचं. संध्याकाळी ती मला जवळ घ्यायची, बूट काढायची आणि माझी पावलं मांडीवर घेऊन तेल लावायची. कोमट तेल असायचं म्हणे. मला फक्त तिचे हात फिरताना दिसायचे.

"आज कुठवर गेलीस?"

"कट्ट्यापर्यंत. एकदाच पडले."

"तू गेलीस का लोखंड गेलं?"

"मी."

"ह्ये पाय गेले का?" तिनं माझं पाऊल हातात उचलून धरलं. सोडलं की ते खाली लोंबायचं.

आज्जीच म्हणाली, "जातील. भुईची सवय न्हाई त्यास्नी. बुटात कोंडल्यावर भुई कशी कळायची?"

मे महिन्यात मी शाळेच्या फाटकापर्यंत चालत गेले. वाटेत दोनदा थांबले, पण कुणी धरलं नव्हतं. आई मागून येत होती. फाटक बंद होतं, सुट्टी होती. मी गज धरून आत बघितलं. खाली ओळीनं वर्ग होते, आणि एक जिना. जिना मी मोजून ठेवला.

घरी आल्यावर आईनं अण्णांना सांगितलं, "फाटकाला हात लावून आली."

अण्णा खाटेवर पडले होते. त्यांना आनंद झाला, तो मी बघितला. ते उठून बसले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. पण बोलले ते एवढंच, "एवढ्या लांब?"

"मग जूनमधी नाव घालायला जाता न्हवं?"

"बघू. जून येऊ तर दे."

"बघायचं काय त्यात," आज्जी म्हणाली. "गुरुजीनं बोललेलं हाय. पर मल्हारी, पाऊल केल्याबिगर पोर दुसऱ्या उंबऱ्याला लावायची न्हाई. तुजं झालं, तुज्या बाचं झालं. मंगळवारी पीठ पसरते. अनवाणी दोन पावलं उमटली की झालं. मग घाल लोखंड आणि जा म्हणावं शाळंला."

"अनवाणी न्हाई," आई लगेच म्हणाली. "बाईंनी सांगितलंय. बुटाबिगर उभी करायची न्हाई."

"बाईस्नी काय आपली रीत म्हाईत? किरिस्ताव हाईत त्या."

"हाडं कच्ची हाईत हिची, आत्याबाई."

"आगं दोन पावलं. मी धरते की मागनं. सोडून देणार हाय का?" आणि मग जरा खालच्या आवाजात, "शाळंत विचारतील, पाऊल झालंय का न्हाई. गुरुजी चालून दाखव म्हणाला, आणि लोखंड काढ म्हणाला तर? एकदा उमटू दे. मग पोरीलाबी धीर येतोय."

आईनं अण्णांकडं बघितलं. आमच्या घरात एखाद्या गोष्टीचा शेवट करायचा असला की तो अण्णांनी करायचा असायचा.

अण्णा खिडकीतून बाहेर बघत होते. "करू दे की आईला एवढं," ते म्हणाले. "दोन पावलांनी काय होतंय?"

मंगळवारी सकाळपासून घरात कानवल्याचा वास होता. आईनं सारण केलं, आज्जीनं लाटून कातून पावलांच्या आकाराचे कानवले केले, बोटांच्या जागी कातणीनं पाच खाचा. मला नवं परकर-पोलकं घातलं. बायका आल्या. बायजाक्का पुढं. आज्जीनं उंबऱ्याच्या आत पीठ चाळून पसरलं, इतकं सारखं की त्यावर चाळणीची जाळीसुद्धा दिसत होती.

मग तिनं माझ्या बुटांच्या नाड्या सोडल्या. पट्टे सोडले. सळ्या भिंतीला लावून ठेवल्या. मला उचलून उंबऱ्याबाहेर आणलं, काखेत हात घालून मागून धरलं, आणि बायजाक्कानं पुढून माझे हात धरले.

"सोड अंग. ठेव पाय भुईला."

माझी पावलं पिठावर टेकली. पीठ गार असतं का कोमट, मला कळलं नाही. फक्त दिसलं की बोटं पिठात बुडाली. आज्जीनं मला पुढं कलतं केलं, उजवा पाय मांडीतून ओढून मी पुढं टाकला. पाऊल आडवं पडलं, पण पडलं. बायकांनी "आली गं बाई, आली" म्हटलं.

"दुसरं," आज्जी म्हणाली. तिचा श्वास माझ्या कानाशी होता.

डावा पाय पुढं येताना सगळं अंग उजव्या पायावर आलं. सळी नव्हती. गुडघा आतल्या बाजूला वळला, आणि मांडीच्या खालच्या टोकाला कट्ट असं वाजलं. वाळक्या फांदीसारखं. माझ्या पोटात ते ऐकू आलं.

आज्जीनं मला तसंच वर उचलून डावं पाऊल पिठावर दाबलं. उमटलं.

"आज्जी," मी म्हटलं, "काहीतरी मोडलं."

"काय मोडलं?"

"पायात. वाजलं."

"दुखतंय?"

मी बघितलं, खरंच बघितलं, कुठं दुखतंय का ते. "न्हाई."

"मग कसं मोडंल? मोडल्यावर माणूस बोंब मारतंय. शुभ बोलावं आजच्या दिवशी."

"माझी बोटं वाजली असतील," बायजाक्का म्हणाली. "काय धरलंय पोरीनं, हाताचा पाला केला माझ्या. पायात न्हाई ते सगळं बळ हातात हाय."

बायका हसल्या. मीही हसले. आई चुलीपासून उठून आली, माझ्या पायावरून तिनं हात फिरवला, आणि माझ्या तोंडाकडं बघितलं. तोंडावर तिला काही दिसलं नाही. आज्जीनं माझ्या पावलांना कुंकू लावलं. बायका वाकून पिठातली पावलं बघून गेल्या, कानवले घेऊन गेल्या. मी दोन खाल्ले. आता शाळा ठरलीच असं माझ्या मनात पक्कं झालं होतं.

संध्याकाळी आईनं दिवा जवळ घेतला. गुडघ्याच्या वर सूज होती.

"लचकला असंल," आज्जी म्हणाली आणि आंबेहळदीचा लेप घातला. दुसऱ्या दिवशी सूज वाढली, मांडी तांबडी आणि गरम झाली. आई म्हणाली मिरजेला नेऊया. अण्णा म्हणाले, "रडती का ती? दुखतं का तिला? मग? पाळी सोडून जायचं म्हंजे मालक गडी बदलतोय. रविवारी बघू."

मला ताप भरला तेव्हा रविवारची वाट बघितली नाही. पहाटेच्या पहिल्या गाडीनं निघालो. अण्णांनी मला उचललं, आणि त्या उकाड्यात वरून चादर पांघरली. गाडीच्या थांब्यावर ओळखीचा एक गडी भेटला. "काय मल्हारी, काय घेऊन चाललास?" अण्णा म्हणाले, "कापड."

मी चादरीच्या आत होते.

दवाखान्यात फोटो काढला. मांडीचं हाड गुडघ्याच्या जरा वर मोडून एकावर एक चढलं होतं. डॉक्टर आत गेले. मार्थाबाई बाकावर आमच्यासमोर बसल्या. त्यांनी आवाज चढवला नाही.

"पट्टे घातलेले असताना हे हाड असं मोडत नाही. काय झालं?"

आई मान खाली घालून म्हणाली, "पिठावर चालवली. अनवाणी. रीत हाय आमच्यात."

"मी सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलं होतं."

"कट्ट्यापर्यंत चालते म्हणून मागच्या खेपेला तुम्हीच आनंदानं सांगून गेलात. मग एवढी घाई कशाची होती?"

"शाळंसाठी. चालत आली तरच घेतो म्हणालेत गुरुजी."

मार्थाबाईंच्या कपाळाला आठी पडली. "कुठली शाळा? मी येते. मी बोलते त्यांच्याशी. असा नियम नसतो."

"नको, नको," अण्णा एकदम म्हणाले. "तुमी कशाला एवढ्या लांब येताय? मी बघतो."

मार्थाबाईंनी त्यांच्याकडं जरा वेळ बघितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुला कळलं होतं का गं, मोडलं ते?"

"वाजलं," मी म्हटलं.

"सांगितलंस कुणाला?"

"सगळ्यांना."

कमरेपासून उजव्या पायाच्या बोटांपर्यंत प्लॅस्टर घातलं. मी लाकडासारखी झाले. खाटेवर ठेवली तशी राहायची, कुशीवर वळवायलासुद्धा दोन माणसं लागायची.

गल्लीत आज्जीनं सांगितलं, "पाऊल टाकलं हो पोरीनं, तुमी बघितलं न्हवं? त्या लोखंडानं घात केला. हाडं पोखरून ठेवली होती त्यानं." बायजाक्कानं मान डोलावली. सळ्या आणि बूट माळ्यावर गेले.

पुढचं इथंच सांगून टाकते. प्लॅस्टर निघालं तेव्हा गुडघा ताठ झाला होता. तो ज्याच्या ताब्यात तो चालतो असं बाई म्हणाल्या होत्या, तो ताबा गेला. पाय आखूडही झाला. व्यायामाला न्यायचं म्हणून आई एक-दोनदा निघाली, पण कुणी बरोबर यायला तयार नव्हतं आणि मी वाढत होते. पुन्हा मी हात टेकून सरकत घरभर फिरायला लागले, ती आजवर. चाळिशी उलटल्यावर साक्षरता वर्गाच्या एक बाई दुपारी घरी यायच्या, त्यांच्याकडं मी अक्षरं गिरवली. ती बाराखडी मला सगळी तोंडपाठ होती. नुसती बघायची राहिली होती.

त्या जूनमध्ये मी प्लॅस्टरमध्येच होते. शाळा उघडायच्या आधी गुरुजी पट भरायला गल्लीतून फिरायचे, घरोघर विचारत. पोतदार गुरुजी, खादीचा सदरा, हातात छत्री. ते बायजाक्काच्या घरातून निघाले आणि आमच्या दारात आले. अण्णा दुसऱ्या पाळीला जायच्या तयारीत होते. आई चहाचं आधण ठेवत होती.

"काय मल्हारी," गुरुजी म्हणाले, "पोरीला घेऊन येतो म्हणालास, त्यानंतर तोंड दाखवलं नाहीस. हे काय झालं?" ते माझ्या खाटेजवळ आले. "अरेरे. कधी?"

आज्जी पुढं झाली. तिनं पदर डोक्यावरून घेतला. "गुरुजी, तुमच्या पाया पडते. चालत होती पोर. तुमच्या फाटकाला हात लावून आलीया, साऱ्या गल्लीला विचारा. आता बसलीया, पर उठंल. तुमी एवढी अट सोडा. चालत न्हाई आली तरी नाव घाला."

"कसली अट?"

"तुमीच म्हणाला न्हवं, चालत आली तर घेतो?"

गुरुजींनी छत्री भिंतीला टेकवली. "मी? मी असं कशाला म्हणेन, आजी? मी तर ह्याला म्हटलं, आणून बसव. कडेवर आण, पाठीवर आण, सायकलवर आण. पहिलीचा वर्ग खालीच असतो, आणि माडीवर जायची वेळ आली तर वर्ग मी खाली घेईन. असं म्हटलं की नाही, मल्हारी?"

चुलीवर पाणी उकळत होतं. आईनं ते उतरवलं नाही.

अण्णा सदऱ्याची गुंडी लावत होते. ती लागत नव्हती. "म्हणाला होता," ते म्हणाले.

"मग?"

"रोज कोण आणणार, गुरुजी?"

"तू आण. वाटेवरच तर आहे तुझा कारखाना."

"चौकातनं..." अण्णा म्हणाले आणि थांबले. मग गुंडीकडं बघतच म्हणाले, "एवढी सात वर्साची पोर काखेत घेऊन चौकातनं रोज न्यायची म्हंजे... पायानं आली असती तर बरं दिसलं असतं."

गुरुजींनी काखेतली पटाची वही उघडली. मग म्हणाले, "नाव घालून ठेवतो. प्लॅस्टर असलं तरी आण. बाकड्यावर निजवून ठेवू, ऐकेल ती." चहा न घेता ते गेले. त्यांची छत्री तिथंच राहिली, ती न्यायला नंतर एका पोराला पाठवलं.

आज्जी खाली बसली. मला वाटलं ती अण्णांना शिव्या देईल, तिला छान शिव्या यायच्या. ती एवढंच म्हणाली, "मला म्हणायचं होतंस. मी न्हेली असती."

"तुला झेपली असती व्हय?"

"पट्ट्याची होती तवा झेपली असती. दोन हाडांची पोर. मला म्हणायचं होतंस, मल्हारी. मी पीठ कशाला पसरलं असतं?"

अण्णा कामावर गेले.

शाळेच्या पहिल्या दिवशी सकाळी आज्जीनं आंघोळ केली, मला परकर-पोलकं घातलं, प्लॅस्टरच्या पायावर एक जुनं पातळ नीट गुंडाळलं. आई म्हणाली, "आत्याबाई, कारखान्यावर जातानं मी येते बरोबर, आपण दोघी मिळून..." आज्जी ऐकत नव्हती. तिनं एक हात माझ्या पाठीखाली, एक गुडघ्याखाली घातला आणि मला उचललं. मला तिच्या छातीतली धडधड ऐकू येत होती. मी तिच्या मानेला मिठी मारली.

खाटेपासून दारापर्यंत ती आली. उंबऱ्याशी ती पाय उचलायला गेली आणि तो वर आलाच नाही. ती मला घेऊन तशीच सावकाश खाली बसली, पाठ चौकटीला लावली आणि डोळे मिटले. माझा पाय उंबऱ्याबाहेर आडवा राहिला. गल्लीतून पोरं पाट्या घेऊन चालली होती, ती वळसा घालून गेली.

आईनं अण्णांकडं बघितलं. शेवट त्यांनी करायचा होता.

अण्णा खाटेच्या कडेला बसून चहा पीत होते. त्यांनी चहा संपवला. उठून कप विसळला, पालथा घातला. मग आमच्या दोघींना लाथ लागू नये म्हणून अंग चोरून, जपून, आमच्यावरून पाय टाकून बाहेर पडले आणि चौकाकडं चालायला लागले.